लेकराच्या जिभेवरची गाठ: नसांपासून येणाऱ्या दुर्मीळ गाठींविषयी

दवाखान्यात आई-वडील गाठीचं वर्णन दाण्यांच्या मापात करतात. "आधी मोहरीएवढी होती, मग तुरीएवढी झाली, आता वाटाण्याएवढी आहे." मला हे माप मिलिमीटरपेक्षा बोलकं वाटतं, कारण त्यात काळही आलेला असतो. मोहरीचा वाटाणा व्हायला आठ दिवस लागले, आठ महिने लागले की दोन वर्षं? गाठ कशाची असेल याचा अर्धा अंदाज या एका उत्तरावरून येतो.

पुढचा प्रश्न त्यांचा असतो. "साधीच आहे ना?" हे विचारताना आवाज खाली येतो. तंबाखू, गुटखा आणि सुपारीमुळे तोंडाचा कर्करोग झालेलं माणूस आपल्याकडे अनेकांनी नात्यात नाहीतर शेजारात पाहिलेलं असतं. त्यामुळे तोंडातली गाठ म्हटलं की मन थेट तिथेच जातं. पण तो कर्करोग तोंडाच्या आतल्या अस्तराचा असतो, वर्षानुवर्षांच्या माऱ्यानंतर मोठेपणी होतो, आणि बहुधा न भरणारी जखम किंवा चट्टा म्हणून सुरू होतो. सहा वर्षांच्या मुलाच्या जिभेत वरून गुळगुळीत आणि आतून टणक अशी गोळी लागते, तेव्हा विचार वेगळ्याच दिशेने करायचा असतो.

मुलांच्या तोंडातल्या बहुतेक गाठी तर अगदी किरकोळ असतात. खालचा ओठ चावला जाऊन लाळेची बारीक नळी फुटते आणि निळसर, पाणी भरल्यासारखा फुगा येतो. तो फुटतो, पुन्हा भरतो. त्याला म्यूकोसील म्हणतात. दात वर येण्याआधी हिरडीवर निळं टेंगूळ येतं आणि दात आला की जातं. तान्ह्या बाळाच्या टाळूवर पांढरे दाणे दिसतात, तेही काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होतात. हे सगळं बाजूला काढल्यावर ज्या मोजक्या गाठी उरतात, त्यांतल्या काही नसांपासून आलेल्या असतात. त्या दुर्मीळ आहेत आणि बहुतेक निरुपद्रवी आहेत. तरी त्यांच्याविषयी लिहायलाच हवं असं मला वाटतं, कारण त्यांतल्या एक-दोन प्रकारांत जिभेवरची गाठ शरीराच्या दुसऱ्याच भागातल्या धोक्याची खबर देत असते. ती खबर वेळेत कळली तर मुलाचा जीव वाचतो.

नसेवरचा फेटा

"नस" हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. सलाईन लावतात ती नस म्हणजे रक्तवाहिनी. "मानेत नस दबली" म्हणतो तेव्हा ती नस म्हणजे मज्जातंतू. हा लेख दुसऱ्या नसेबद्दल आहे. एवढ्याशा जिभेला अशा किती नसा आहेत पाहा. पुढच्या दोन तृतीयांश भागाचा स्पर्श एका नसेकडे, त्याच भागाची चव दुसरीकडे, मागच्या भागाची चव आणि स्पर्श तिसरीकडे, आणि जीभ हलवण्याचं काम चौथीकडे. तोंडातल्या नसांच्या गाठी सर्वांत जास्त सापडतात त्याही जिभेतच.

मज्जातंतू हा नुसता उघडा धागा नसतो. डोक्याभोवती फेटा बांधावा तशी एक पेशी त्याच्याभोवती वेढे घालून बसलेली असते. तिचं नाव श्वान पेशी. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. रिपोर्टवर "श्वानोमा" वाचून एखाद्या आजीने "कुत्रं चावल्यामुळे झालं का?" असं विचारलं तर तिला हसू नये. मराठी कानाला ते नाव तसंच ऐकू येणार. कुत्र्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

या फेट्याच्या पेशी एका जागी वाढत गेल्या की श्वानोमा तयार होतो. शरीरातल्या सगळ्या श्वानोमांपैकी साधारण २५ ते ४५ टक्के डोकं आणि मान या भागात असतात, पण तोंडाच्या आत जेमतेम १ टक्का. त्यातही बरेचसे तरुण आणि मध्यमवयीन माणसांचे. लहान मुलाच्या जिभेत श्वानोमा सापडणं म्हणूनच विरळा. ही गाठ सावकाश वाढते, दुखत नाही, वरची त्वचा शाबूत आणि आजूबाजूच्याच रंगाची असते. म्यूकोसीलसारखी ती फुटत-भरत नाही. मुलाची कुरकूर नसल्याने ती महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. मग कधी दात घासताना आईच्या बोटाला लागते, कधी "र" आणि "ल" जड यायला लागले म्हणून शाळेतल्या बाई विचारतात. जिभेच्या मुळाशी असेल तर मूल घोरायला लागतं किंवा भाकरीचा घास गिळताना अडखळतं.

या गाठीची एक चांगली गोष्ट म्हणजे तिला स्वतःचं आवरण असतं आणि ती नसेला आतून पोखरत नाही, बाजूला सारते. शेंग सोलून वाटाण्याचा दाणा काढावा तशी ती तोंडातूनच काढता येते, आणि नीट काढली की परत येणं फारच क्वचित घडतं. नस वाचवण्याचा प्रयत्न नेहमीच असतो. बऱ्याचदा मात्र गाठ नेमकी कोणत्या नसेची होती हे शस्त्रक्रियेतही कळत नाही, इतके ते तंतू बारीक असतात. काढल्यानंतर जिभेचा थोडा भाग काही काळ बधिर राहू शकतो. अशा वेळी मूल स्वतःची जीभ चावून घेत नाही ना, गरम दूध पिताना पोळवून घेत नाही ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जे दिसतं ते मला फार सुंदर वाटतं. लग्नाच्या पंगतीत समोरासमोर दोन रांगा बसाव्यात आणि मध्ये वाढप्यांसाठी वाट मोकळी असावी, तशी पेशींची केंद्रकं दोन रांगांत समोरासमोर बसलेली असतात आणि मध्ये गुलाबी, रिकामा पट्टा. उरुग्वेत जन्मलेल्या आणि प्रागमध्ये काम केलेल्या होसे वेरोकाय यांनी १९१० मध्ये ही रचना दाखवली, म्हणून तिला वेरोकाय बॉडी म्हणतात. ही पंगत दिसली की निदान जवळजवळ पक्कं होतं. शंका राहिलीच तर एस-१०० नावाच्या प्रथिनाची तपासणी करतात. श्वान पेशींत ते भरपूर असतं.

लाडवातलं तूप

दुसरी गाठ न्यूरोफायब्रोमा. नाव ऐकायला पहिलीसारखंच, पण स्वभाव वेगळा. यात श्वान पेशींबरोबर नसेच्या आवरणातल्या इतर पेशी आणि तंतू मिसळलेले असतात, आणि मूळ नस गाठीच्या आरपार गेलेली असते. रव्याच्या लाडवातून तूप वेगळं काढता येत नाही, तशी ही गाठ नसेपासून वेगळी करता येत नाही. एकटी, छोटी असेल तर तेवढा भाग काढून टाकतात आणि प्रश्न मिटतो. पण काही मुलांत ती नसेच्या फांद्याफांद्यांतून पसरते. हाताला गांडुळांची पिशवी चाचपल्यासारखं लागतं. जीभ एका बाजूने मोठी होते, गाल लोंबतो, हिरडी जाड होते. हा पसरणारा प्रकार, म्हणजे प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा, दिसला की पूर्ण मूल तपासायचं, नुसतं तोंड नाही.

कारण त्यामागे बहुतेकदा न्यूरोफायब्रोमॅटोसिस-१ हा जनुकीय आजार असतो. फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. १९९० मध्ये १७ व्या गुणसूत्रावरचं त्याचं जनुक सापडलं. जन्माला येणाऱ्या सुमारे ३,००० मुलांमागे एकाला हा आजार असतो, म्हणजे तोंडातल्या गाठीच्या मानाने तो काही तसा दुर्मीळ नाही. ओळखायची खूण कपड्यांखाली असते. दुधाळ कॉफीच्या रंगाचे, सपाट डाग, वयात येण्याआधी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे आणि संख्येने ६ किंवा जास्त. काखेत किंवा जांघेत बारीक ठिपके. दातांच्या खुर्चीत बसलेल्या मुलाचा सदरा वर करायला सांगितला की पालकांना नवल वाटतं. पण तो अर्धा मिनिट फार मोलाचा असतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. अशा मुलाच्या आईला "ग्रहण पाळलं नव्हतंस", "गरोदरपणी अमुक खाल्लंस" असं ऐकवलं जातं. हे खोटं आहे, आणि क्रूर आहे. या आजाराच्या निम्म्याच्या आसपास मुलांत जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो, घराण्यात कुणालाही नसतो. उरलेल्यांत तो आईकडून किंवा वडिलांकडून येतो. दोन्हींत कुणाच्या वागण्याचा दोष नाही.

हा आजार असलेल्या मुलांची वर्षानुवर्षं नियमित तपासणी लागते. त्यांतल्या साधारण ८ ते १३ टक्के लोकांत आयुष्यात कधीतरी नसेची घातक गाठ होते. वर्षानुवर्षं शांत असलेली गाठ अचानक भराभर वाढू लागली, कडक झाली, रात्रीची झोप मोडेल इतकी दुखू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायचं. आशेची बाजूही आहे. पसरलेली गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढता येत नसेल तर पूर्वी हात टेकावे लागत. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत सेल्युमेटिनिब या तोंडाने घ्यायच्या औषधाला दोन वर्षांपुढच्या अशाच मुलांसाठी मान्यता मिळाली. ते गाठ नाहीशी करत नाही, पण बऱ्याच मुलांत ती आक्रसते.

एकाच माहेरच्या लेकी

त्वचेवरचे डाग आणि जिभेतली गाठ यांचा संबंध काय, हा प्रश्न पडायलाच हवा. उत्तर गर्भात आहे. पहिल्या काही आठवड्यांत गर्भाच्या पाठीवरची पट्टी मिटून मज्जारज्जूची नळी तयार होते. त्या नळीच्या काठावरून पेशींचा एक समूह सुटतो आणि शरीरभर पांगतो. त्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. यांतल्या काही पेशी नसांवर जाऊन श्वान पेशी होतात, काही त्वचेत जाऊन रंग बनवतात, काही मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यात वस्ती करतात, काही चेहऱ्याची हाडं घडवतात. एका माहेरच्या लेकी, वेगवेगळ्या गावी दिलेल्या. माहेरी काही बिनसलं की त्याचा परिणाम सगळ्या गावांत उमटतो. जीभ, त्वचा आणि पोटातली ग्रंथी एकाच आजारात का सापडतात, ते या नात्यावरून बरंचसं उलगडतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग.

समजा, चार वर्षांच्या मुलाच्या जिभेच्या टोकाला आणि कडांना चार-सहा मऊ, फिकट गुलाबी दाणे आहेत. ओठ जाडसर, किंचित गुठळ्या असल्यासारखे. दुखत नाही, वाढत नाही. मूल उंच आणि किडकिडीत, हातपाय लांब. जन्मापासून बद्धकोष्ठ, पोट फुगलेलं, त्यासाठी दहा औषधं झालेली. आणि आई सहज सांगून जाते, "हा लहानपणापासून रडतो, पण डोळ्यांतून पाणी येत नाही." नवजात बाळाला सुरुवातीचे काही आठवडे आसवं नसतात, ते नेहमीचं. पण दोन वर्षांचं मूल कोरडं रडत असेल तर ती खूण आहे.

या सगळ्या तक्रारी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वाटल्या गेलेल्या असतात. पोटाचे एक, डोळ्यांचे दुसरे, दातांचे तिसरे. एकत्र ठेवल्या की एक नाव समोर येतं: मल्टिपल एंडोक्राइन निओप्लेशिया २बी, थोडक्यात मेन-२बी. लाखो मुलांत एखाद्याला होणारा आजार. जिभेवरचे दाणे म्हणजे नसांच्या वाढलेल्या गुच्छांच्या गाठी, म्यूकोझल न्यूरोमा. त्या स्वतः पूर्ण साध्या असतात. आतड्यांतल्या नसांचेही असेच गुच्छ होतात, म्हणून बद्धकोष्ठ.

मूळ बिघाड १० व्या गुणसूत्रावरच्या रेट या जनुकात असतो. पेशीला "वाढ" असा आदेश देणारं हे बटण चालू अवस्थेतच अडकून बसतं. सुमारे ९५ टक्के रुग्णांत या जनुकातला एकच विशिष्ट बदल सापडतो. आणि हे अडकलेलं बटण गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत मेड्युलरी प्रकारचा कर्करोग घडवतं. जवळजवळ प्रत्येक रुग्णात, आणि फार लहान वयात, कधी पहिल्या वर्षाच्या आतसुद्धा. म्हणून अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा बदल असलेल्या बाळाची थायरॉइड ग्रंथी पहिल्या वर्षातच काढावी असं सांगितलं आहे. ग्रंथी काढलेलं मूल रोज एक गोळी घेऊन वाढतं, शाळेत जातं, मोठं होतं. कर्करोग गळ्याबाहेर पसरल्यावर तो पूर्ण बरा करणं फार अवघड होतं.

दुःख याचं, की बहुतेक रुग्णांत हा बदल नव्याने झालेला असतो. घरात कुणाला नसल्यामुळे कुणी शोधत नाही. मग दहा-बारा वर्षांचं मूल गळ्याला गाठ घेऊन येतं, तेव्हा जिभेवरचे दाणे आठवतात. ते तिथे कितीतरी वर्षं असतात, आणि दात तपासताना कुणीतरी ते पाहिलेलेही असतात. म्हणून माझ्या व्यवसायातल्या लोकांना मला कळकळीने सांगायचं आहे, की जिभेच्या टोकावर एकापेक्षा जास्त दाणे दिसले तर "नंतर बघू" म्हणू नका. रक्तातलं कॅल्सिटोनिन (या कर्करोगात वाढणारं संप्रेरक), गळ्याची सोनोग्राफी आणि रेट जनुकाची तपासणी एवढ्यावरून उत्तर मिळतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कर्करोगाच्या आनुवंशिकतेचा स्वतंत्र दवाखाना आहे, तिथे अशा कुटुंबाला सल्ला मिळतो. आणखी एक काळजी घ्यावी लागते. मेन-२बीच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांना पुढे अॅड्रिनल ग्रंथीतही गाठ होते, आणि ती माहीत नसताना भूल दिली तर रक्तदाब एकदम भडकू शकतो. जिभेवरचे दाणे काढायची घाई म्हणूनच करू नये.

तान्ह्या बाळाची हिरडी

जन्मतःच हिरडीवर लोंबणारा गुलाबी गोळा दिसला की सगळे घाबरतात. याला जन्मजात एप्युलिस म्हणतात. १८७१ मध्ये नॉयमान यांनी तो नोंदवला. मुलींमध्ये मुलांपेक्षा आठ-दहा पट जास्त आढळतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो जिभेवर होणाऱ्या ग्रॅन्युलर सेल ट्यूमरसारखाच दिसतो, पण ती गाठ श्वान पेशींपासून येते आणि एप्युलिस नाही. एस-१०० तपासलं की हा फरक कळतो. बाळाला दूध ओढता येत नसेल तर गोळा काढतात, नाहीतर छोटा असेल तर आपोआप आक्रसतो. काढला की परत येत नाही.

दुसरी गाठ जास्त सांभाळण्याची. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वरच्या जबड्यात पुढे निळसर-काळी, भराभर वाढणारी सूज येते, उगवायचे दात ढकलले जातात. नाव लांबलचक: मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर ऑफ इन्फन्सी. १९१८ मध्ये क्रोम्पेखर यांनी तिचं पहिलं वर्णन केलं. हिच्यात रंग बनवणाऱ्या आणि नसांसारख्या अशा दोन्ही पेशी एकाच गाठीत नांदतात, म्हणजे माहेरच्या दोन लेकी एका घरात. सुरुवातीला मी म्हटलं की वाढीचा वेग निम्मा अंदाज देतो. ही गाठ त्याला अपवाद. काही आठवड्यांत वाढूनही ती बहुतेकदा कर्करोग नसते. मात्र हाड खाते आणि कधीकधी परत येते, त्यामुळे मोठ्या रुग्णालयात, मुलांच्या शल्यविशारदांकडूनच ती काढून घ्यावी आणि पुढे वारंवार तपासणी करावी.

चाकू लागला की भडकते?

"गाठीला चाकू लागला की भडकते" ही भीती गावात आहे तशी शहरातही आहे. ज्या गाठींबद्दल आपण बोलतोय त्यांना ती लागू नाही. छोटी गाठ असेल तर तुकडा न घेता ती पूर्णच काढतात. तपासणी आणि उपचार एकाच वेळी होतात. लहान मुलाला त्यासाठी बऱ्याचदा पूर्ण भूल द्यावी लागते, टाके आपोआप विरघळणारे घालतात, दोन-चार दिवस पेज आणि थंड दूध.

पण चाकूआधी थांबावं अशा दोन जागा आहेत. गाठ निळसर असेल, दाबली की रिकामी होत असेल किंवा बोटाला ठोका लागत असेल, तर ती रक्तवाहिन्यांची असू शकते. आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायचा. आणि जिभेच्या मुळाशी, अगदी मधोमध गोळा असेल तर ते गळ्यात न उतरलेलं थायरॉइड असू शकतं. बहुसंख्य अशा मुलांच्या शरीरात तेवढंच थायरॉइड असतं. न तपासता ते काढलं तर मूल आयुष्यभर गोळ्यांवर येतं.

शेवटचं काम घरच्यांचं आहे. गाठ काढल्यावर "तुकडा तपासायला पाठवला का?" हे विचाराच. दिसायला कितीही साधी असली तरी. तुकडा फॉर्मॅलिनमध्येच, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणातच, जायला हवा. घाईत साध्या पाण्याच्या किंवा सलाईनच्या बाटलीत टाकला तर तो सडतो, आणि पंगत दिसण्याआधीच मोडते. रिपोर्ट आला की त्याची एक प्रत मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना त्याच जागी नवी गाठ दिसली, तर ते पहिल्यांदा तोच कागद मागतील.